सीटखालची वायर

मोअरच्या पोटाखाली पट्टी घालून मी खरवडायला लागलो, तेव्हा पहिला गोळा सुटून माझ्या मनगटावर पडला. गेल्या उन्हाळ्यातलं गवत होतं ते. वरून वाळलेल्या कातड्यासारखं कडक, आतून काळं, ओलं, बुळबुळीत. त्याचा वास नाकात गेला आणि मी तोंड फिरवलं. शेणाचा वास मला चालतो, मी त्यातच वाढलोय. हा वास वेगळा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत दप्तरात विसरलेला डबा शाळा उघडल्यावर उघडावा, तसा.

हा मोअर म्हणजे हाताने ढकलायचं यंत्र नव्हे, वर बसून गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर. आम्ही अमेरिकेत, नोव्हाय गावाच्या कडेला घर घेतलं तेव्हा मागे एवढं गवत आहे याचं आम्हाला कौतुक वाटलं होतं. मे महिना आला की ते कौतुक गुडघ्यापर्यंत वाढतं. ढकलायच्या यंत्राने कापता कापता पहिल्याच वर्षी माझी कंबर गेली. म्हणून काकांनी जेव्हा फोन करून सांगितलं, "माझा ट्रॅक्टर तू घेऊन टाक, आम्ही आता काँडोच्या फ्लॅटमध्ये चाललो, तिथे गवत असोसिएशनवाले कापतात," तेव्हा मला अगदी भरून आलं.

काकांबद्दल इथे सांगायला हवं. ते माझे सख्खे काका नाहीत, पण या गावात माझं पहिलं घर त्यांचं होतं. मी त्यांच्याच कंपनीत रुजू व्हायला आलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते. त्यांच्या बेसमेंटमध्ये मी राहिलो, काकूंच्या हातचं जेवलो, त्यांच्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकलो. बर्फात गाडी घसरली तर ब्रेकवर जोरात पाय द्यायचा नाही, हे त्यांनीच मला रिकाम्या पार्किंगमध्ये नेऊन शिकवलं. माझ्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. अर्ज कसा भरायचा इथपासून साहेबाशी कसं बोलायचं इथपर्यंत सगळं मला कुणीतरी हाताला धरून सांगितलंय, आणि अमेरिकेत तो हात काकांचा होता. त्यांना मी कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

तर ट्रॅक्टर ट्रेलरवरून आला. कंपनीच्या साइटवरून मी त्याचं मॅन्युअल उतरवून घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो. बायको हसली. "अरे, गवत कापायचंय, परीक्षा नाहीये." पण मला सवय आहे. आमच्या नगरपालिकेच्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट कुलूपबंद असायचं. उपकरणं काचेतून दिसायची, हात लावायला मिळायचा नाही. पुस्तकात वाचूनच ती कशी चालत असतील ते ठरवायचं. त्यामुळे आज माझ्या मालकीचं एखादं यंत्र समोर असतं आणि सोबत त्याचं पुस्तकही असतं, तेव्हा ते न वाचता हात लावणं मला उपकार विसरल्यासारखं वाटतं.

पुस्तकातल्या क्रमाने मी कामाला लागलो. आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला केली, म्हणजे इंजिन चुकूनही सुरू होणार नाही, आणि मगच पोटाखाली हात घातला. पात्यांची पेटी खरवडून स्वच्छ केली. मग बॉनेट उघडलं आणि तिथे दुसरी किळस माझी वाट पाहत होती. इंजिनच्या झाकणाखाली उंदरांनी घर केलं होतं. फाटलेला स्पंज, वाळकं गवत, कुठल्यातरी स्वेटरची लोकर, आणि त्या मऊ गादीत एक उंदीर मरून चपटा झालेला. त्याची शेपटी पंख्याच्या जाळीत अडकली होती. मी हातमोजे घातले होते तरी तो उचलताना बोटं आखडली. टाकीत जुनं पेट्रोल होतं, त्याला आंबलेल्या रंगाच्या डब्यासारखी घाण येत होती. ते डब्यात काढलं, ताजं भरलं. तेल पाहिलं. ते काळं आणि दाट होतं, बदललं. टायरची हवा पाहिली. मग मागच्या गवतात फिरून फांद्या, दगड आणि शेजारच्या कुत्र्याने चावून टाकलेला चेंडू गोळा केला, कारण पात्याखाली आलेला दगड बाहेर कसा उडतो त्याचं एक चित्र मॅन्युअलमध्ये होतं आणि ते मी विसरलो नव्हतो.

इथपर्यंतची किळस हातांची होती. साबणाने निघाली.

प्लगची वायर परत लावली, ट्रॅक्टर गॅरेजसमोरच्या सपाट सिमेंटवर घेतला. सीटवर बसलो. पाय ब्रेकवर, पाती फिरवायचा दांडा बंद, चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. खरं सांगतो, मला आनंद झाला. मग पुस्तकात सांगितलेली शेवटची चाचणी घेतली. ब्रेकवरचा पाय काढून सीटवरून थोडं उठायचं. माणूस उठला की इंजिन आपोआप बंद पडायला हवं. चालवणारा पडला, उतरला, घसरला, तरी पाती फिरत राहू नयेत म्हणून ही सोय असते.

मी उठलो. इंजिन चालूच राहिलं. पूर्ण उभा राहिलो. तरी चालूच.

किल्ली बंद करून मी सीट उलटी केली. सीटखाली स्विचचा प्लग उपटून ठेवला होता, आणि त्याच्या जागी तांब्याच्या वायरीचा एक तुकडा घालून वरून काळी टेप गुंडाळली होती. पात्यांच्या दांड्याच्या स्विचची वायरही तिथेच येत होती, तीही त्याच तुकड्याने जोडून टाकली होती. म्हणजे सीटवर माणूस असो वा नसो, पाती चालू असोत वा बंद, या यंत्राला काहीच कळणार नव्हतं. काम फार सफाईने केलं होतं. टेपची टोकं नीट दाबलेली, वायर अगदी मोजून कापलेली. कुणा अडाण्याचं काम नव्हतं ते. ती सफाई पाहून मला उंदरापेक्षा जास्त शिसारी आली.

काकांची अख्खी नोकरी गाड्यांच्या ब्रेकच्या तपासणीत गेली. चाचणीत एक आकडा चुकला तरी ते सही करत नसत, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या गाडीत मागे बसलेल्या पाहुण्याने बेल्ट लावला नाही तर ते गाडी हलवायचे नाहीत. त्याच हातांनी ही टेप गुंडाळली होती.

मी फोन केला. काका खळखळून हसले.

"सापडलं का? अरे, त्या सीट स्विचची नुसती कटकट असते यार. फांदी उचलायला उतरलं की बंद. पाणी प्यायला उतरलं की बंद. दर वेळी परत सुरू करा. मी पहिल्याच महिन्यात काढून टाकला."

"काका, पण कुणी पडलं तर?"

"कोण पडतंय? इतकी वर्षं चालवला, माझं काही झालं का? ही सगळी वकिलांची भीती असते. कंपनीला केस नको म्हणून लावतात."

"मी नवा स्विच मागवतो."

"मागव बाबा. तू पुस्तकी माणूस आहेस, पहिल्यापासून."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "तू आता काकांना जास्त काही बोलू नकोस हं. त्यांनी आपल्यासाठी किती केलंय." मी म्हटलं, बोलणार नाही. मी तो तांब्याचा तुकडा काढून कचऱ्यात टाकला. आता स्विच येईपर्यंत ट्रॅक्टर सुरूच होणार नव्हता, आणि मला तेच हवं होतं.

मला ही गोष्ट एवढी का लागली, ते माझ्या घरामुळे. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. मोटर आणि गिरणीच्या मधला पट्टा उघडा पळायचा. त्यावर पत्र्याचं झाकण असतं हेच आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. एके दिवशी वडिलांची दोन बोटं त्या पट्ट्यात गेली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दळण घेऊन आलं आणि हसत विचारलं, "आजच्या पिठात काही मिसळलं नाही ना?" सगळे हसले. वडीलही हसले, हाताला फडकं बांधून. आईने मात्र बोटं गेली त्या दिवशीचं सगळं पीठ गटारात ओतलं होतं. तिथे झाकण नव्हतं ते गरिबीमुळे आणि अज्ञानामुळे. इथे झाकण यंत्राबरोबर आलं होतं, पैसे भरून आलं होतं, आणि शिकलेल्या माणसाने ते उपटून टाकलं, कारण उतरल्यावर परत किल्ली फिरवायचा कंटाळा.

त्या दिवसांत आई आमच्याकडे आली होती. वडील गेल्यानंतरची तिची ही पहिलीच खेप. ट्रॅक्टर दारात उभा पाहून ती म्हणाली, "नवीन वाहन घरात आलंय आणि हळदीकुंकू नाही?" मी म्हटलं, अगं हे गवत कापायचं यंत्र आहे. "चाकं आहेत ना? मग वाहनच." अक्षय तृतीया चार दिवसांवर होती, दिवस ठरला. बायकोने इंडियन ग्रोसरीतून झेंडूचा हार, नारळ आणि लिंबं आणली. काका-काकूंना जेवायला बोलावलं. ट्रॅक्टर त्यांचाच, म्हणून मान त्यांचा.

नवा स्विच तोवर आला नव्हता. मी आईला सांगितलं, आज नुसती पूजा करू, चालवायचं नाही. ती म्हणाली, "किल्ली तरी ताटात ठेव. वाहनाच्या पूजेत किल्ली लागते." मी किल्ली दिली. तिने तिला हळद लावली, कुंकू लावलं, वर दोन अक्षता टाकल्या. आपल्याकडे गाडी घेतली की किल्लीची पूजा होतेच. इतके दिवस काढून खिशात सांभाळलेली ती किल्ली मी त्या प्रथेसाठी ताटात ठेवली आणि माझ्या मनात काही आलं नाही.

काका आले, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "काय रे, चकाचक केलास की! नवरीसारखा दिसतोय." काकूंनी आईला मिठी मारली. आईने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला. मग ती म्हणाली, "नारळ कुठाय?" आणि मी नारळ आणायला आत गेलो.

आत असताना मला बाहेरचं बोलणं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू येत होतं.

"चालू करून दाखवतो वहिनी, आवाज ऐका."

"तो म्हणाला, आज चालवायचं नाही म्हणून."

"तो काय, घाबरट. पूजा झाली आणि इंजिन चालू नाही, असं असतं का कुठे?" मग सीट उलटी केल्याचा खडखडाट, आणि परत काकांचा आवाज, "अरे, वायर काढून टाकली याने! अगं, तुझी एक पिन दे जरा. केसातली, केसातली."

काकू हसल्या. "घ्या. इंजिनियर नवरा असला की डोक्यावर पिनही राहत नाही."

मी नारळ ओट्यावर तसाच टाकला आणि बाहेर पळालो. दारातच होतो तेव्हा इंजिन सुरू झालं.

मला जे दिसलं ते असं. काका ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूला जमिनीवर उभे, हात स्टिअरिंगवरून पलीकडे किल्लीपर्यंत पोहोचलेला, बोटांना कुंकू. सीट रिकामी. उजव्या बाजूला, जिथून कापलेलं गवत बाहेर फेकलं जातं त्या तोंडापाशी, आई उकिडवी बसून मागच्या चाकाखाली लिंबू ठेवत होती. काकांना ती दिसत नव्हती, मधे सीट होती. "आणि आता पातं बघा," असं म्हणून त्यांनी दांडा ओढला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. पाती फिरायला लागल्याचा आवाज इंजिनपेक्षा वेगळा असतो, कापणारा. आईने दचकून हात मागे घेतला आणि तिच्या हातातलं लिंबू घरंगळत पेटीच्या कडेखाली गेलं. फट्‌ असा आवाज झाला आणि लिंबाचा रस, साल, बिया सगळं तिच्या पातळावर, गळ्यावर आणि तोंडावर उडालं. ती मागे, सिमेंटवर बसली. मी पोहोचून किल्ली बंद केली.

आईने आधी स्वतःचा हात पाहिला. पालथा केला, सुलटा केला. बोटं मिटली, उघडली. मग म्हणाली, "आहेत." तोंडावरचं लिंबू तिने पदराने पुसलं आणि ओकारी यावी तसं तोंड केलं.

काका वळसा घालून आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, हे मी नाकारत नाही. पण मग ते हसले. ते हसू मी अजून विसरलो नाही. "काही झालं नाही ना वहिनी? बघा, काही झालं नाही! लिंबू उतरून टाकलं, दृष्टच गेली म्हणायची."

काकूही म्हणाल्या, "चला, दृष्ट गेली, बरं झालं."

 आईच्या गालाला लिंबाची बी चिकटलेली होती आणि ही दोन शिकलेली, प्रेमळ माणसं त्या बीला शुभ ठरवत होती.

"काका," मी म्हणालो, "हा ट्रॅक्टर मी असा ठेवणार नाही."

"अरे, ठेवू नकोस असा. तुझा स्विच येईल तेव्हा लाव. मी कुठे नको म्हणतोय?"

"तुम्ही उतरून उभे होतात. ही सीट रिकामी होती. स्विच असता तर तुम्ही दांडा ओढताक्षणी इंजिन बंद पडलं असतं."

"मला शिकवतोयस?"

"हो."

बायकोने माझा दंड धरला. आई खाली बसल्या बसल्या म्हणाली, "बाळा, जाऊ दे." पण मला थांबता आलं नाही.

"ऑफिसात असं कुणी केलं असतं तर तुम्ही त्याला काय म्हणाला असतात?"

काकांचा चेहरा हळूहळू बंद झाला, दुकानाचं शटर ओढावं तसा. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तुला गरज नाही आता कुणाची. नको असेल तर मी दुसऱ्याला देतो. ऑफिसातल्या त्या नव्या पोराने पलीकडे कॅन्टन गावात घर घेतलंय, तो हसत नेईल. आजच ट्रेलर पाठवतो."

"नाही. स्विच बसल्याशिवाय हा इथून हलणार नाही."

"माझं यंत्र मलाच देत नाहीस?"

"असं नाही देणार."

ती पिन अजून सीटखाली होती. मी सीट उलटी करून ती काढली आणि काकूंना परत दिली. त्यांनी ती हातात घेतली, पण केसात लावली नाही. आमरस, पुरी, बटाट्याची भाजी सगळं तयार होतं. काका-काकू जेवले नाहीत. जाताना काकू आईच्या पाया पडल्या, कारण अक्षय तृतीया होती. काका गाडीत बसले, बेल्ट लावला, आणि काकूंनी लावला का ते वळून पाहिलं. मग गेले.

आईने आंघोळ केली आणि पातळ साबणात भिजवलं. संध्याकाळी ती म्हणाली, "त्यांना फोन कर. मोठ्या माणसाशी असं बोलत नाहीत." मी विचारलं, "तुझी बोटं गेली असती तर?"  रात्री जेवताना तिने लिंबू घेतलं नाही.

आमच्या मराठी मंडळींत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. ज्याच्या बेसमेंटमध्ये राहिला त्यालाच शिकवतो, असं माझ्याबद्दल बोललं गेलं. एकाने मला गाठून समजावलं, "यार, आमच्याही मोअरचा स्विच काढलेला आहे, सगळेच काढतात." तो आनंदाने सांगत होता. ते ऐकून मी मोजायचं सोडून दिलं की या मंडळींच्या गॅरेजांमध्ये अशी किती सीटखालची गुपितं असतील.

स्विच आला. मी दोन्ही वायरी त्यांच्या जागी लावल्या, पुस्तकातल्या सगळ्या चाचण्या परत घेतल्या. काकांचा निरोप काकूंकडून आला, की ट्रॅक्टर कॅन्टनला पोहोचवून दे. मी ट्रेलर भाड्याने आणला आणि स्वतः नेऊन दिला. मला स्वतःच नेऊन द्यायचा होता.

तो मुलगा नागपूरचा, हसतमुख, नुकता बाप झालेला. त्याची बायको मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती. त्याने मला चहा विचारला, मी आधी ट्रॅक्टर दाखवतो म्हणालो. तेल कुठे पाहायचं ते दाखवलं. सुरू करायच्या आधी अंगणात कुणी नाही, मूल घरात आहे, हे पाहायचं, ते सांगितलं. ब्रेकवर पाय, दांडा बंद, मग किल्ली. तो मान डोलावत होता. मग त्याला सीटवर बसवलं, इंजिन सुरू झालं, त्याने दांडा ओढला, पाती फिरली.

"आता उठ," मी म्हटलं.

तो उठला. इंजिन बंद पडलं. एकदम, कसलीही खरखर न होता, पाती थांबली आणि अंगणात शांतता झाली. मला त्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

तो परत बसला. परत सुरू केलं, परत उठला. परत बंद.

"दादा, हे काय? दर वेळी बंद पडणार का हे?"

"हो. दर वेळी."

"पण काका तर म्हणाले, फांदीबिंदी उचलायला उतरलं तरी चालू राहतो म्हणून."

"राहत होता. आता नाही राहत."

मग मी त्याला लिंबाची गोष्ट सांगितली, सगळी, आईच्या गालावरच्या बीसकट. त्याच्या बायकोने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती एक पाऊल मागे गेली. तो ऐकत होता, गंभीर झाला होता, "बापरे" म्हणाला. मी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"थँक यू दादा," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याचा हात सहज सीटच्या कडेखाली गेला, बोटं स्विचच्या वायरीचा अंदाज घेत होती, आणि बायकोने दारातून त्याच्या नावाने मारलेली हाक ऐकून तो थांबला.